नसलेल्या लेन्सचं वजन

काका, ती लेन्स आली.

परवा सकाळी कंपनीनं जाहीर केली. मी ऑफिसात मीटिंगला बसलो होतो, फोन टेबलावर पालथा ठेवला होता, आणि तो थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला. उघडून बघतो तर आपल्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर नुसती झुंबड. चारशे मिलिमीटरची, लांबच्या पक्ष्यांसाठीची, आणि तरीही एका हातात मावेल इतकी हलकी. जवळजवळ दोन वर्षं आपण जिची वाट पाहत होतो, अगदी तीच. सगळे तुमचंच नाव घेत होते. "काका म्हणालेच होते." "काकांची बातमी कधी चुकायची नाही." कुणीतरी तुमचा कवडी गावच्या नदीकाठावरचा फोटो टाकला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. तुम्हाला जाऊन परवा एकवीस दिवस झाले होते.

ती बातमी तुम्हाला मी दिली होती, काका. आणि मला काहीही माहीत नव्हतं. ती मी बनवली होती.

एवढंच सांगायचं होतं. दर रविवारी तुम्ही माझ्या स्कूटरवर मागे बसायचात, मी बोललेला शब्द न् शब्द तुम्हाला ऐकू यायचा, आणि तरी तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. आता तर लेन्स खरंच आली, म्हणजे माझं खोटं उघडं पडायची भीतीही संपली. कुणाला कधी कळणार नाही. पण परवापासून मला घास गोड लागत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आपली ओळखच मुळी तुमच्या तिरकसपणातून झाली. मी यवतमाळहून नोकरीला पुण्यात आलो, बिबवेवाडीत खोली घेतली, आणि कॅमेरा घ्यायचं मनात आलं तसं ग्रुपवर विचारलं, कुठला घेऊ? तेव्हा मिररलेसचं वारं नुकतंच सुटलं होतं. आत आरसा नसलेले, लहान, हलके कॅमेरे, आणि जो तो जुनं विकून नवं घ्यायच्या नादात. तुमचं उत्तर आलं, "कशाचे फोटो काढणार?" मी लिहिलं, "सगळ्याचे." तुम्ही लिहिलंत, "मग फोन पुरे." मला इतका राग आला की पत्ता मिळवून मी थेट सदाशिव पेठेत तुमच्या दारात उभा राहिलो. तुम्ही मला खालपासून वरपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "या. भांडण बसून करू."

भांडण राहिलंच. तुम्ही मला स्वयंपाकघरात नेलंत, काट्यावर एक कापडी पिशवी ठेवलीत आणि मी जो कॅमेरा आणि जी लेन्स म्हणत होतो त्यांच्या वजनाइतके तांदूळ मोजून तिच्यात भरलेत. मग ती पिशवी माझ्या गळ्यात अडकवलीत. "आठवडाभर घालून हिंड. पुढच्या रविवारी हौस उरली असेल तर दुकानात जाऊ."

हा तुमचा सगळ्यांसाठीचा नियम होता. ग्रुपमधले दातांचे डॉक्टर ती पिशवी घालून पेशंट तपासायचे. मी ऑफिसात घालून गेलो तेव्हा लोकांना वाटलं, काहीतरी नवस बोललोय. अर्ध्या लोकांची हौस बुधवारपर्यंत फिटायची आणि तुम्ही त्यांना समाधानानं म्हणायचात, "वाचलात." माझी फिटली नाही. त्या रविवारी आपण दुकानात गेलो, आणि त्याच्या पुढच्या रविवारी कवडीला.

ते कवडीचे हिवाळे मला अजून नीट सांगता येत नाहीत. पहाटेची थंडी, नदीवर धुकं, पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते याचा पत्ता नाही. शहराचा सगळा साबण आणि सगळी घाण फेस होऊन वाहत यायची, आणि त्या फेसावर पहिलं ऊन पडलं की तो ढग व्हायचा. फेस आहे हे आपल्याला ठाऊक असायचं, पण त्या दहा मिनिटांपुरता तो ढगच असायचा, आणि त्यातून चक्रवाकांची केशरी जोडी अगदी हळू, कुणी दोरीनं ओढत असल्यासारखी, पुढे सरकायची. तुम्ही हात वर करायचात. म्हणजे बोलू नकोस. मी तसाही बोलत नव्हतो. असं वाटायचं की आपण अजून झोपेतून उठलेलोच नाही, दोघांनाही एकच स्वप्न पडलंय, आणि एकानं शब्द काढला तर दुसऱ्याचंही मोडेल. आठवड्यातले सहा दिवस मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचो आणि सातव्या दिवशी तिथे उभा राहायचो. मला त्या सातव्या दिवसासाठीच पगार मिळतो अशी माझी समजूत होती.

तुमची मोठी लेन्स, जिला तुम्ही तोफ म्हणायचात, ती तीन किलोच्या वर होती. पंधरा वर्षं तुम्ही ती वाहिलीत. मग उजवा खांदा कुरकुरायला लागला, डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि ते तुम्ही ग्रुपवर कुणाला कळू दिलं नाहीत. मला कळलं ते पाषाणच्या तळ्यावर. उन्हाळा लागला होता. खंड्या समोरच्या वाळक्या फांदीवर आयता बसला होता. तुम्ही तोफ डोळ्याला लावलीत, आणि तशीच खाली घेतलीत. खंड्या बसूनच होता.

"वानखडे," तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक बघ एखादं. विकून टाकू सगळं."

"आणि मग?"

"मग काय. रविवारी तूही झोप काढ, मीही काढतो. पोहे खाऊ."

मला त्या क्षणी काय झालं ते आज स्पष्ट सांगतो. मला तुमच्या खांद्याची काळजी वाटली नाही. मला माझ्या रविवारांची वाटली. या एवढ्या मोठ्या शहरात माझी वाट बघणारा एकच माणूस होता आणि तो पोहे खायच्या गोष्टी करत होता. म्हणून मी बोलून गेलो, "काका, थांबा. हलकी लेन्स येतेय. चारशेची. एका हातात मावणारी."

"कोण म्हणालं?"

"आहे एक जण. नाव नाही सांगता येत."

कॅमेऱ्यांच्या जगात सगळ्या अफवा अशाच सुरू होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. रोज नवी बातमी. अमुक कॅमेरा येतोय, तमुक लेन्स रद्द झाली, कुणाच्या तरी ओळखीच्यानं जपानात पाहिला. तुम्ही त्यांच्यावर हसायचात. तुमचा नियम होता की एका ठिकाणची बातमी ही अफवा, आणि दोन ठिकाणची असेल तर बघू. म्हणून मी दुसरं ठिकाण तयार केलं. एका परदेशी संकेतस्थळावर खोट्या नावानं इंग्रजीत दोन ओळी टाकल्या. वजनही टाकलं, साडेआठशे ग्रॅम, कारण आकडा असला की लोकांचा विश्वास बसतो हे माझ्या धंद्यात मी शिकलोय. दहा दिवसांत ती बातमी बाळसं धरून परत आली. कुणी तिला शक्यता चांगली असल्याचा शिक्का दिला, कुणी तिच्यावर वीस मिनिटांचा व्हिडिओ केला, कुणी एका धूसर काळ्या डब्याचा फोटो फिरवला की हीच ती. तो फोटो कशाचा होता देव जाणे. आणि एका दुपारी तो तुम्हीच मला पाठवलात. खाली लिहिलं होतं, "तुझा माणूस खरा निघाला रे." मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

तोफ तुम्ही विकलीत. लेन्स येईल तेव्हा ती लावायला कॅमेरा तयार असावा म्हणून नवा मिररलेस घेतलात, त्याच्याबरोबर येते ती छोटी लेन्स त्याच्यावर ठेवलीत. आणि मग तुमचाच नियम तुम्ही स्वतःला लावलात. कापडी पिशवीत साडेआठशे ग्रॅम तांदूळ मोजून तुम्ही ती गळ्यात घातलीत आणि तळजाईच्या टेकडीवर चढलात. माझ्या मागून, तुमच्या त्या चालीनं. वर पोचल्यावर खांदा फिरवून पाहिलात आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी फक्त चक्रवाक दिसल्यावर पाहिलं होतं. "जमतंय की रे," तुम्ही म्हणालात. "एवढं तर सहज जमतंय."

सांगायचंच असतं तर ती वेळ होती. टेकडीवर कुणी नव्हतं. मी पाण्याची बाटली पुढे केली.

त्यानंतर सुरू झाला तो आपला विचित्र काळ. मला तो काळ आठवला की आधी लाज वाटते आणि लगेच मागून आनंद येतो, आणि दोघांना वेगळं करता येत नाही. आपण त्या लेन्समधून फोटो काढायला लागलो. नसलेल्या. तळ्याच्या पलीकडे झाडावर राखी धनेश बसलेला असायचा, साध्या डोळ्याला नुसता ठिपका. तुम्ही डावा हात पुढे धरायचात, तळवा वर, लेन्सखाली धरावा तसा, एक डोळा मिटायचात आणि हळूच म्हणायचात, "टिपला." मग मी विचारायचो, "चोच पूर्ण आली का?" तुम्ही म्हणायचात, "चोच आली, शेपटीचं टोक कापलं गेलं. मागची फांदी आडवी येते." आणि त्यावरून आपण खरोखर वाद घालायचो, की तुम्ही दोन पावलं डावीकडे का सरकला नाहीत. असे कितीतरी फोटो झाले. शेकाट्याचे गुलाबी पाय आणि पाण्यात त्यांची उलटी छाया. धुक्यातून फक्त मान वर आलेला बगळा. पिल्लाला पाठीवर घेतलेली टिबुकली, जी आपल्याला दिसलीसुद्धा नव्हती, पण तुम्ही म्हणालात की त्या लव्हाळ्यामागे ती असणारच. एकदा तो टिबुकलीचा फोटो मला स्वप्नात दिसला. कागदावर छापलेला, ओला, दोरीवर वाळत घातलेला. जागा झालो तेव्हा काही क्षण माझी खात्री होती की तो तुमच्या घरी कुठेतरी आहे. मीच बनवलेल्या गोष्टीवर माझाच विश्वास बसायला लागला होता, काका. रोज सकाळी मी फोन उघडून पाहायचो, आली का.

आणि आपलं ते कायमचं भांडण. जुन्या कॅमेऱ्यात आरशावरून समोरचा उजेड सरळ डोळ्यात यायचा. नव्यात आत इवलासा पडदा असतो आणि फोटो कसा येणार ते तो आधीच दाखवतो. तुम्हाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "हा टीव्ही आहे. मला समोर जे आहे ते बघायचंय." मी म्हणायचो, काय येणार ते आधी दिसलं तर बिघडलं काय? शेवटच्या रविवारीही तेच चाललं होतं, टपरीवर. तुम्ही बोट वर केलंत. "माझ्याकडे एक मुद्दा आहे. तू गप्प बसशील असा. पण चहा गार होतोय, पुढच्या वेळी." तो मुद्दा काय असेल याचा मी तुम्ही गेल्यापासून विचार करतोय. मला गप्प बसायचंय, पण तुम्ही सांगितल्याशिवाय कसा बसू.

आता दुकानाचं सांगतो. हेच सांगायचं मी लांबवत आलोय.

पहिल्याच वर्षी, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, तुम्ही मला एका दुकानात घेऊन गेलात. अफवेतली लेन्स आलेली नव्हती, पण तीनशेची एक छोटी लेन्स बाजारात होती. आपल्या स्वप्नातल्या लेन्सपेक्षा पल्ला कमी, पण हलकी, आणि समोर काचेवर ठेवलेली. दुकानदारानं ती तुमच्या कॅमेऱ्याला लावून दिली. तुम्ही दारात जाऊन रस्त्यापलीकडच्या गच्चीवरच्या पारव्याला धरलंत. खांदा वर गेला आणि तिथेच राहिला. बराच वेळ. मग तुम्ही कॅमेरा खाली घेतलात, माझ्याकडे वळलात, आणि ग्रुपवर लोक तुम्हाला ज्या आवाजात विचारायचे त्याच आवाजात मला विचारलंत, "काय म्हणतोस? घेऊ का थांबू?"

पाषाणला मी खोटं बोललो ते तुम्ही जाऊ नये म्हणून बोललो. ते मी देवापुढेही कबूल करीन. पण दुकानात तसं काही नव्हतं. तुम्ही लेन्स घेतली असतीत तर रविवार चालूच राहिले असते, उलट बहरले असते. मला फक्त इतकंच वाटलं की आता "घ्या" म्हणालो तर तुम्ही विचाराल, मग तुझ्या त्या माणसाचं काय? आणि त्या एका प्रश्नाला घाबरून मी म्हणालो, "थांबा, काका. दोन महिन्यांत येतेच आहे." तुम्ही लेन्स पुसून दुकानदाराला परत दिलीत. "आमचे तज्ज्ञ नाही म्हणतात," तुम्ही त्याला म्हणालात.

त्यानंतर दोन हिवाळे आले. दोन्ही वेळा चक्रवाक आले आणि गेले.

त्या दोन हिवाळ्यांत तुम्ही त्या छोट्या लेन्सनं काढलेले फोटो काल काकूंनी मला दाखवले. सगळं तळं, सगळं आभाळ, आणि त्यात कुठेतरी तिळाएवढा पक्षी. काहींत तर तो शोधावा लागतो. तोफेनं तुम्ही पंधरा वर्षं पक्ष्यांचे डोळे टिपलेत, पण पक्षी किती मोठ्या सकाळीत राहतो ते मला या फोटोंत पहिल्यांदा दिसलं. फार सुंदर आहेत. पण हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. तुम्हाला डोळे हवे होते, आणि ते मिळू शकत होते.

काल मी काकूंकडे गेलो तो हेच सांगायला. वाटेत सिग्नलला तीनदा वाक्य घोकलं. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. ते फोटो दाखवून झाल्यावर म्हणाल्या, "ग्रुपवाल्यांचे फोन येतायत, ह्यांची लेन्स आली म्हणून. हे म्हणायचे, तुलाच आधी कळलं होतं." मग मी सांगितलं. पाषाणपासून दुकानापर्यंत, काही न वगळता. त्यांचे हात मध्येच थांबले.

"म्हणजे मनचं सांगितलंस."

"हो."

"आणि दुकानातही थांबा म्हणालास."

"हो, काकू."

"ती आवडली होती त्यांना. दोन दिवस तेच बोलत होते. मी म्हटलं, मग घेऊन टाका ना. तर म्हणे, वानखडे नको म्हणतोय, त्याला त्यातलं कळतं." त्यांनी एक जुडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. "वाईट केलंस, प्रशांत. मी सांगते, कारण त्यांनी तुला हे कधी सांगितलं नसतं."

उठून जावं असं वाटलं, पण त्यांनी जा म्हटलं नव्हतं. बराच वेळ त्या देठ खुडत राहिल्या. खिडकीतून दुपारचं ऊन ताटलीत येत होतं आणि आतल्या खोलीत तुम्ही झोपला असाल, आत्ता उठून चहाचं विचाराल, असं दोघांनाही वाटत असावं, कारण दोघंही आवाज न करता बसलो होतो. मग काकूंनीच विचारलं, "ही नवी आलीय ती त्यांच्या कॅमेऱ्याला बसते?"

"बसते."

"जड आहे?"

"नाही. कुणासाठी विचारताय?"

"माझ्यासाठी. का, मला हात नाहीत? चारदा तुमच्याबरोबर आले, चारही वेळा पक्षी मी दाखवला. तुम्ही दोघं बटणं दाबत बसला होतात." त्यांनी पदरानं डोळे पुसले, मेथीनं हिरव्या झालेल्या बोटांनीच, आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "पण सकाळीच कुणीतरी फोनवर म्हणालं, सहा महिने कळ काढा, याहून चांगली येतेय. आता तू सांग. आणि खरं सांग. घ्यायची का थांबायचं?"

"थांबू नका, काकू."

एवढंसं वाक्य. दुकानात तुम्ही माझ्याकडे वळलात तेव्हा ते माझ्या जिभेवर होतं, काका. ते तुम्हाला म्हणायला हवं होतं.